आल्टरमॅग्नेटचं टनेल जंक्शन: कोणतं मुख, किती जाड थर, काय मोजायचं

मंडळी, ज्या पदार्थाचं एकूण चुंबकत्व शून्य आहे त्याचे दोन थर घेतले, मधे एक-दीड नॅनोमीटरचा विद्युतरोधक थर ठेवला, तर चुंबकीय मांडणी बदलल्यावर या सांध्याचा रोध बदलेल का? पाठ्यपुस्तकातलं साधं उत्तर 'नाही' असं आहे. आल्टरमॅग्नेटच्या (असा पदार्थ ज्यात एकूण चुंबकत्व शून्य, पण वर आणि खाली स्पिनचे, म्हणजे उलट चुंबकीय कलाचे, इलेक्ट्रॉन दिशेनुसार वेगळे वागतात) बाबतीत ते 'हो' होऊ शकतं, पण त्यासाठी स्फटिक कोणत्या दिशेने कापला, अवरोधाचा थर किती जाड आहे आणि दोन थरांमधली सीमा किती सपाट आहे, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमून याव्या लागतात. आज बोलायचं आहे ते या तिन्हींबद्दल.

आधी फेरोमॅग्नेटच्या, म्हणजे लोखंडासारख्या नेहमीच्या चुंबकाच्या, जुन्या जंक्शनची उजळणी करू. इलेक्ट्रॉन रोधक थरातून पुंजयांत्रिक नियमाने आरपार जातो, त्याला टनेलिंग म्हणतात. १९७५ साली मिशेल ज्युलिएर यांनी लोखंड, जर्मेनियम आणि कोबाल्ट असा सांधा करून ४.२ केल्विनला रोधात सुमारे १४ टक्के फरक दाखवला. खोलीच्या तापमानाला हे जमायला १९९५ उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत जगदीश मूडेरा आणि जपानमध्ये तेरुनोबू मियाझाकी यांच्या गटांनी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा अस्फटिकी थर वापरून अनुक्रमे सुमारे १२ आणि १८ टक्के मिळवले. २००४ मध्ये स्फटिकी मॅग्नेशियम ऑक्साइड आला आणि आकडे शेकड्यांत गेले. तोहोकू विद्यापीठाच्या गटाने २००८ मध्ये खोलीच्या तापमानाला ६०४ टक्के नोंदवले. हे टक्के म्हणजे काय? दोन चुंबकीय थर एकमेकांच्या विरुद्ध असतानाचा रोध, वजा समांतर असतानाचा रोध, भागिले समांतर रोध. यालाच आपण टीएमआर म्हणतो.

ज्युलिएरचं सूत्र सोपं आहे. दोन्ही इलेक्ट्रोडमधल्या (बाजूच्या चुंबकीय थरांमधल्या) इलेक्ट्रॉनांचं स्पिन-ध्रुवीकरण घ्या, म्हणजे एका स्पिनचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यापेक्षा किती प्रमाणात जास्त आहेत ते. त्यांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले 'एक वजा गुणाकार', झाला टीएमआर. दोन्हीकडे ध्रुवीकरण ०.५ असेल तर उत्तर ६७ टक्के येतं. या सूत्रात इलेक्ट्रॉन कोणत्या दिशेने चालला आहे याला जागाच नाही. ध्रुवीकरण हा एक आकडा, तो पदार्थाला चिकटलेला, एवढंच. अस्फटिकी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडमधून जाताना इलेक्ट्रॉनची दिशा बऱ्यापैकी विस्कटते, तरीही जंक्शन चाललं, ते याच कारणाने. फेरोमॅग्नेटमध्ये बहुसंख्य स्पिन सगळ्या दिशांची बेरीज केल्यावरही बहुसंख्यच राहतो.

मग फेरोमॅग्नेट सोडायचाच कशाला? कारणं तीन. शेजारच्या बिटवर पडणारं त्याचं भटकं क्षेत्र, बाहेरच्या चुंबकाने बिघडण्याची भीती, आणि वेग. फेरोमॅग्नेटची नैसर्गिक वारंवारता गिगाहर्ट्झमध्ये असते, तर विरुद्ध उपजालकं (उलट स्पिनच्या अणूंचे दोन गट) घट्ट बांधलेल्या पदार्थात ती टेराहर्ट्झपर्यंत जाते. अँटिफेरोमॅग्नेटमध्ये, म्हणजे अशाच पदार्थात, हे तिन्ही प्रश्न सुटतात, पण साध्या अँटिफेरोमॅग्नेटचे ऊर्जापट्टे (इलेक्ट्रॉनांच्या शक्य ऊर्जा) दोन्ही स्पिनसाठी तंतोतंत एकावर एक बसलेले असतात. वाचायला काही उरतच नाही. असमरेख (ज्यात स्पिन एका रेषेत नसतात अशा) अँटिफेरोमॅग्नेटची वाट वेगळी आहे. २०२३ च्या सुरुवातीला मँगनीज-टिन संयुगाच्या जंक्शनमध्ये सुमारे २ टक्के आणि मँगनीज-प्लॅटिनमच्या जंक्शनमध्ये सुमारे १०० टक्के टीएमआर खोलीच्या तापमानाला दाखवला गेला. ते प्रकरण आज बाजूला ठेवू.

आता आल्टरमॅग्नेट. इथेही दोन उपजालकं, एकावरचे स्पिन वर, दुसऱ्यावरचे खाली, बेरीज शून्य. फरक आहे तो अणूंच्या आजूबाजूच्या मांडणीत. साध्या अँटिफेरोमॅग्नेटमध्ये एका उपजालकावरून दुसऱ्यावर जायला नुसतं सरकणं किंवा केंद्रातून उलटणं पुरतं. आल्टरमॅग्नेटमध्ये तेवढ्याने भागत नाही, स्फटिक फिरवावा किंवा आरशात पाहावा लागतो. रुथेनियम डायऑक्साइडचं उदाहरण घ्या. रुटाइल रचना, प्रत्येक रुथेनियमभोवती सहा ऑक्सिजनचा अष्टफलक, आणि शेजारच्या उपजालकावरचा अष्टफलक ९० अंशांत फिरलेला. परिणाम असा की काही दिशांनी जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांसाठी वरच्या स्पिनचा पट्टा खाली सरकतो, आणि ९० अंशांत फिरलेल्या दिशेला बरोबर उलट होतं. दोन स्पिनच्या पट्ट्यांमधलं हे अंतर, म्हणजे विभाजन, मोठं असू शकतं, क्रोमियम अँटिमोनाइडमध्ये ते इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दशांशांत मोजलं गेलं आहे. त्याला जड अणूंचा स्पिन-कक्षा परिणामही (स्पिन आणि इलेक्ट्रॉनच्या गतीची सांगड) लागत नाही. सातोरु हायामी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या प्रकारचं विभाजन मांडलं होतं. लिबोर श्मेयकाल, हायरो सिनोवा आणि टोमाश युंगविर्थ यांनी २०२२ मध्ये त्याचं सममितीनुसार वर्गीकरण करून आल्टरमॅग्नेट हे नाव रूढ केलं. विभाजन जिथे शून्य होतं अशी प्रतलं दोन असली तर डी-तरंग, चार असली तर जी-तरंग, सहा असली तर आय-तरंग.

ज्युलिएरच्या सूत्रात हे घालून बघा. सगळ्या दिशांची बेरीज केली की ध्रुवीकरण शून्य, म्हणून टीएमआर शून्य. सूत्र चुकलेलं नाही, फक्त त्याने गृहीत धरलेली बेरीज आपल्याला होऊ द्यायची नाही. सीमा अणुपातळीवर सपाट आणि तिन्ही थर एकमेकांवर जुळून वाढलेले असतील तर इलेक्ट्रॉनचा सीमेला समांतर असलेला संवेग अवरोध ओलांडताना बदलत नाही. मग प्रत्येक आडव्या संवेगासाठी जणू स्वतंत्र जंक्शन आहे. एका संवेगाला वरच्या स्पिनची वाट उघडी, दुसऱ्याला खालच्या स्पिनची. दोन चाळण्या एकावर एक ठेवाव्यात तसं हे आहे: भोकांवर भोकं आली तर पीठ पडतं, एक चाळणी फिरवली तर भोकं झाकली जातात, आणि दोन्ही चाळण्यांतल्या भोकांची संख्या मात्र तीच राहते. दोन्ही थरांचे नील सदिश (उपजालकांचे स्पिन कोणत्या दिशेला आहेत ते दाखवणारे बाण) समांतर असले तर वाटा जुळतात. एकाचा उलटा केला की प्रत्येक संवेगाला समोर चुकीचा स्पिन येतो.

डिंग-फू शाओ, एव्हगेनी त्सिम्बाल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये रुथेनियम डायऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, रुथेनियम डायऑक्साइड अशा (००१) जंक्शनसाठी (गोल कंसातले आकडे स्फटिकाचं कापलेलं मुख सांगतात, चौकोनी कंसातले दिशा) गणिताने सुमारे ५०० टक्के टीएमआर काढला, तो याच तत्त्वावर. निव्वळ प्रवाहात स्पिन शून्य, तरी रोधात पाचपट फरकाची भाषा.

याचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा आहे. फेरोमॅग्नेटच्या जंक्शनमध्ये खडबडीत सीमा म्हणजे कमी टीएमआर. इथे खडबडीत सीमा म्हणजे टीएमआर नाहीच. आडवा संवेग विस्कटला की आपण पुन्हा ज्युलिएरच्या बेरजेत जाऊन पडतो. अस्फटिकी अवरोध वापरून 'आधी काहीतरी सिग्नल बघू, मग सुधारू' हा जो नेहमीचा रस्ता आहे, तो इथे बंद आहे. एक अपवाद आहे, तो दिशेच्या मुद्द्यात येईल.

दिशा कशी निवडायची यासाठी एक आरशाचा नियम आहे. तो वापरायला संगणक लागत नाही. प्रवाह ज्या दिशेने जाणार, तिला लंब असा आरसा स्फटिकात आहे का ते पाहा. असेल तर तो एका उपजालकाला त्याच उपजालकावर नेतो की दुसऱ्यावर? दुसऱ्यावर नेत असेल तर तो वरच्या स्पिनचा पुढे जाणारा मार्ग खालच्या स्पिनच्या मागे जाणाऱ्या मार्गाशी जोडतो. त्यामुळे प्रत्येक आडव्या संवेगाला दोन्ही स्पिनच्या वाटांची संख्या सारखीच निघते, आणि वाटा मोजून मिळणारा टीएमआर संपला. आरसा उपजालकं जागच्या जागी ठेवत असेल तर फरक शिल्लक राहू शकतो.

रुटाइलवर हा नियम लावा. [००१] दिशेला लंब आरसा उपजालकं तशीच ठेवतो, म्हणून प्रत्येक संवेगाला ध्रुवीकरण मिळू शकतं, एकूण मात्र शून्य. [१००] दिशेला लंब असलेला सरकता आरसा उपजालकं अदलाबदल करतो, म्हणून ती दिशा जंक्शनसाठी निरुपयोगी. गंमत म्हणजे आडवा स्पिन-प्रवाह हवा असेल तर हीच दिशा उत्तम: [१००] मध्ये विद्युतप्रवाह सोडला की [०१०] मध्ये स्पिन-प्रवाह निघतो. [११०] दिशेला आरसा उपजालकं राखतो, शिवाय वरच्या आणि खालच्या स्पिनचं संतुलनही मोडतं, म्हणून प्रवाहात निव्वळ ध्रुवीकरण असतं. मघाशी म्हटलेला अपवाद तो हा. [११०] ला ज्युलिएरच्या सूत्रातही शून्य येत नाही, आणि समोर साधा फेरोमॅग्नेट ठेवूनही जंक्शन करता येतं. रुथेनियम डायऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि कोबाल्ट-लोह-बोरॉन अशा जंक्शनवर २०२५ मध्ये प्रयोग प्रसिद्ध झाले आहेत.

आता हाच नियम क्रोमियम अँटिमोनाइडला लावा, आणि इथे बरेच जण फसतात. पदार्थ आकर्षक आहे: धातू, नील तापमान (ज्याच्या वर चुंबकीय क्रम मोडतो) सुमारे ७०५ केल्विन, मोठं विभाजन. रचना षट्कोनी, निकेल आर्सेनाइडसारखी, आणि पातळ थर बहुधा सी-अक्ष उभा ठेवून वाढतो. वाढतो तसा वाढू द्यावा आणि वर अवरोध घालावा हा मोह होतो. पण सी-अक्षाला लंब असलेला आरसा इथे एका क्रोमियम उपजालकाला दुसऱ्याशी जोडतो. म्हणजे सहज मिळणारी दिशा नेमकी नियमात नापास. षट्कोनाच्या प्रतलात दोन प्रकारच्या दिशा आहेत. ए-अक्षाच्या दिशेने प्रवाह नेला तर आरसा उपजालकं राखतो आणि फरक उरतो. त्यापासून ३० अंशांवरच्या दिशेला पुन्हा नापास. म्हणून ए-अक्षाला लंब मुख वाढवावं लागतं, आणि त्यासाठी अधस्तर (खालचा आधाराचा स्फटिक) निवडण्यापासून सगळं नव्याने करावं लागतं. जी-तरंग असल्यामुळे या पदार्थात, ताण दिल्याशिवाय, निव्वळ ध्रुवीकरणाचा अपवादही मिळत नाही.

सी-अक्षाच्या मुखाचा आणखी एक चकवा आहे. तिथे क्रोमियमचे थर एकाआड एक वर-खाली स्पिनचे असतात, म्हणून सर्वांत वरचा थर स्वतः फेरोमॅग्नेटसारखा दिसतो. सी-अक्षाचं माप ५.४५ आंगस्ट्रॉम, त्यामुळे २.७ आंगस्ट्रॉमची एक पायरी चढली की पृष्ठभागाचा स्पिन उलटतो. आतल्या पट्ट्यांचं विभाजन मात्र पायरीने उलटत नाही. तुमचा सिग्नल पायऱ्यांच्या घनतेवर नाचत असेल तर तो पृष्ठभागाचा आहे, आल्टरमॅग्नेटिझमचा नाही.

अवरोध किती जाड ठेवायचा? मॅग्नेशियम ऑक्साइडच्या जुन्या जंक्शनवर काम केलेल्यांना सवय असते की थर थोडा जाड केला तर टीएमआर वाढतो, कारण थर गाळणीचं काम चोख करतो आणि सीमेला बरोबर लंब चालणारे इलेक्ट्रॉन निवडतो. आल्टरमॅग्नेटमध्ये (००१) रुटाइलसारख्या मुखावर नेमका हाच मध्यबिंदू, आडवा संवेग शून्य, विभाजनाच्या शून्य रेषांवर पडतो. जाड थर निरुपयोगी इलेक्ट्रॉन निवडून पुढे पाठवतो. आकडा घालून पाहू. अवरोधाची उंची १ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि मुक्त इलेक्ट्रॉनचं वस्तुमान धरा. मध्यबिंदूला क्षयगुणांक (अवरोधात इलेक्ट्रॉनची लहर किती झपाट्याने विरते ते) ५.१ प्रति नॅनोमीटर येतो. आडवा संवेग ३ प्रति नॅनोमीटर असलेल्या इलेक्ट्रॉनसाठी तो ५.९ होतो. १ नॅनोमीटर थरातून या इलेक्ट्रॉनचं पार जाण्याचं प्रमाण मध्यबिंदूच्या सुमारे एक पंचमांश असतं, २ नॅनोमीटरमधून सुमारे एक सव्विसांश. रुथेनियम डायऑक्साइडमध्ये संवेगक्षेत्राची कड ७ प्रति नॅनोमीटरला येते, म्हणजे आपण अजून अर्ध्या वाटेवरही नाही आणि एवढी घट. खऱ्या पदार्थात क्षयगुणांक या साध्या सूत्राने ठरत नाही, अवरोधाच्या स्वतःच्या पट्ट्यांवर ठरतो, म्हणून अवरोध निवडताना त्याचा आडव्या संवेगानुसार काढलेला क्षय-नकाशा इलेक्ट्रोडच्या ध्रुवीकरणाच्या नकाशावर ठेवून बघावा लागतो. पहिला प्रयोग मात्र एकाच जाडीवर करू नका. एकाच चकतीवर पाचरीसारखा थर, एका टोकाला ०.८ आणि दुसऱ्या टोकाला २.५ नॅनोमीटर, असा घाला आणि टीएमआर जाडीबरोबर कुठे वळतो ते पाहा.

आता पदार्थांकडे वळू. रुथेनियम डायऑक्साइड हा या विषयाचा लाडका पदार्थ होता. २०१७ मध्ये न्यूट्रॉन विवर्तनाने त्यात सुमारे ०.०५ बोअर मॅग्नेटॉनचं (हे अणूच्या चुंबकत्वाचं एकक) चुंबकीय आघूर्ण असल्याचं प्रसिद्ध झालं आणि सगळी गणितं त्यावर उभी राहिली. २०२४ मध्ये म्यूऑनचे प्रयोग आले. त्यांनी मोठ्या स्फटिकात आघूर्णाची वरची मर्यादा एका बोअर मॅग्नेटॉनच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास आणून ठेवली. पहिल्या न्यूट्रॉन शिखराचं काय? एकच न्यूट्रॉन स्फटिकात दोनदा विखुरला तरी निषिद्ध जागी शिखर दिसतं, असं स्पष्टीकरण पुढे आलं. गणितात चुंबकत्व उमटायला इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण हाताने वाढवावं लागतं, किंवा रुथेनियमच्या रिकाम्या जागा धराव्या लागतात. पातळ, ताणलेल्या थरांबद्दल वाद चालू आहे. माझं मत स्पष्ट सांगतो: नव्याने सुरुवात करणाऱ्याने रुथेनियम डायऑक्साइडवर जंक्शन करून 'आल्टरमॅग्नेटिक टीएमआर' असा मथळा देऊ नये. आधी त्याच थरात चुंबकीय क्रम आहे हे सिद्ध करावं. न्यूट्रॉन विवर्तनाची सोय आपल्याकडे ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर आहे, पण तिला ग्रॅममधला नमुना लागतो. २० नॅनोमीटरच्या थरात न्यूट्रॉनला पकडायला फारसं काही नसतं. अडचण खरी तिथेच आहे.

मँगनीज टेल्युराइडबद्दल मात्र शंका नाही. २०२४ मध्ये प्रकाश-उत्सर्जनाच्या प्रयोगांनी त्यातलं पट्ट्यांचं विभाजन थेट दाखवलं, आणि क्ष-किरणांनी त्यातल्या डोमेनची (एकाच चुंबकीय दिशेच्या भागांची) चित्रंही काढली गेली. पण तो सव्वा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ऊर्जादरीचा अर्धवाहक आहे, इलेक्ट्रोड म्हणून दुबळा. शिवाय नील तापमान ३०७ ते ३१० केल्विन, म्हणजे ३४ ते ३७ अंश सेल्सिअस. नागपूरच्या मे महिन्यात खिशातल्या उपकरणात त्याचा क्रमच टिकणार नाही. भौतिकशास्त्र शिकायला उत्तम, चिपला नाही.

व्हॅनेडियमचे स्तरित ऑक्सिकॅल्कोजेनाइड ही सध्याची सर्वांत मोठी आशा. पोटॅशियम किंवा रुबिडियम घातलेल्या या संयुगांत डी-तरंग विभाजन २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. ते धातू आहेत, आणि क्रम खोलीच्या तापमानाला टिकतो. थरांमधला जोड कमकुवत असल्याने फर्मी पृष्ठाच्या (प्रवाह वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या संवेगांच्या नकाशाच्या) भिंती जवळजवळ उभ्या आहेत, आणि एका भिंतीवर एक स्पिन, तिला काटकोनात असलेल्या भिंतीवर दुसरा. सी-अक्षाचा आरसा उपजालकं राखतो. कागदावर याहून चांगला नकाशा मिळणं कठीण. अट एक: शेजारच्या थरांत नील सदिश एकाच बाजूला हवेत. ते एकाआड एक उलटे असतील तर प्रत्येक थराचं विभाजन पुढचा थर खोडून काढतो, आणि पृष्ठभाग पाहणारं प्रकाश-उत्सर्जन हा फरक सहज चुकवू शकतं. म्हणून इथे न्यूट्रॉनचं काम आधी, जंक्शन नंतर.

प्रत्यक्ष थर घालताना काय बिघडतं ते रुटाइलच्या उदाहरणाने सांगतो, कारण ऑक्साइडच्या बाकी पदार्थांतही रोग तेच. टायटॅनियम डायऑक्साइडचा अधस्तर घ्या: ए ४.५९ आंगस्ट्रॉम, सी २.९६. रुथेनियम डायऑक्साइडचे आकडे ४.४९ आणि ३.११. (००१) मुखावर थर दोन्ही बाजूंनी २.३ टक्के ताणला जातो. (११०) मुखावर एका दिशेला तितकाच ताण, तर दुसऱ्या दिशेला ४.८ टक्के दाब. हा विषम ताण इतका परिणामकारक आहे की (११०) वरच्या पातळ थरात कमी तापमानाला अतिवाहकता दिसली आहे, जी मोठ्या स्फटिकात नाही. म्हणून मोठ्या स्फटिकाचे गुण थराला परस्पर चिकटवू नका. मुखांचाही स्वभाव बघा. रुटाइलमध्ये (११०) मुखाची पृष्ठऊर्जा सर्वांत कमी, ते सपाट राहतं. (००१) ची जास्त, तापवलं की ते मोडून तिरपे कंगोरे होतात. सिद्धांताला आवडलेलं मुख स्फटिकाला नको असतं, आणि अवरोध १ नॅनोमीटरचा असताना ०.३ नॅनोमीटरपेक्षा जास्त खडबड परवडत नाही. खालचा थर झाल्यावर अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली न पाहता वर काही घालू नये.

ऑक्सिजनचा दाब दोन्हीकडून चावतो. टायटॅनियम डायऑक्साइड कमी ऑक्सिजनमध्ये घातलं तर त्यात ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा राहतात, तिसऱ्या संयुजेचं टायटॅनियम तयार होतं आणि रोधकाचा अर्धवाहक होतो. जंक्शन मग तापमान उतरवल्यावर झपाट्याने रोध वाढवतं, टनेलिंगमध्ये हा बदल सौम्य असायला हवा. उलट ऑक्सिजन आणि उष्णता दोन्ही खूप वाढवले तर रुथेनियम बाष्पशील ऑक्साइड होऊन उडतं आणि टायटॅनियम-रुथेनियम एकमेकांत मिसळतात. वर कोबाल्ट-लोह-बोरॉन घालायचा असेल तर लोखंड आणि बोरॉन खालच्या ऑक्साइडचा ऑक्सिजन ओढून घेतात. सीमेवर लोहऑक्साइड तयार झालं की त्याचं स्वतःचं चुंबकत्व मोजमापात घुसतं. पुढे आयनने खोदताना उडालेला धातू अवरोधाच्या कडेवर परत बसतो आणि शॉर्ट होतो. त्यासाठी खालच्या थरात शिरताच खोदणं थांबवा आणि शेवटी तिरप्या कोनातून हलका झोत देऊन कडा साफ करा.

लिहिणं, म्हणजे एकाच इलेक्ट्रोडचा नील सदिश उलटवणं, हा अजून न सुटलेला भाग आहे. बाह्य क्षेत्राची पर्वा न करणारा पदार्थ निवडायचा आणि मग तो बाह्य क्षेत्राने हलवायचा, हे परस्परविरोधी आहे. पर्याय दोन: शेजारी फेरोमॅग्नेटचा थर ठेवून विनिमय-जोडाने ओढणं, किंवा प्लॅटिनमसारख्या जड धातूतून प्रवाह नेऊन स्पिन-कक्षा बलाघूर्णाने ढकलणं. क्रमतापमानाच्या वर तापवून क्षेत्रात थंड करणं मँगनीज टेल्युराइडला सहज जमतं. क्रोमियम अँटिमोनाइडला त्यासाठी ४३० अंश सेल्सिअसच्या वर न्यावं लागेल, आणि तोवर सीमा मिसळून गेलेल्या असतील. डोमेनही विसरू नका. जंक्शनखाली अर्धा भाग एका डोमेनचा आणि अर्धा उलट्या डोमेनचा असेल तर सिग्नल शून्य, पदार्थ कितीही चांगला असो. म्हणून जंक्शन डोमेनपेक्षा लहान हवं.

शेवटी मोजमाप. सर्वांत जास्त खोटे सिग्नल इथे जन्माला येतात. पहिला: इलेक्ट्रोडचाच रोध. रुथेनियम डायऑक्साइडची रोधकता ४० मायक्रोओहम-सेंटिमीटर धरली तर १० नॅनोमीटर थराचा चौरस-रोध ४० ओहम. पाच बाय पाच मायक्रोमीटरचं जंक्शन, रोध-क्षेत्र गुणाकार १०० ओहम-चौरस-मायक्रोमीटर असेल, तर जंक्शनचा रोध फक्त ४ ओहम. प्रवाह मग एका कडेलाच गर्दी करतो, चार टोकांच्या जोडणीत खोटा, कधी ऋण रोधही दिसतो आणि टीएमआर फुगतो. हाच गुणाकार १०,००० ठेवा, जंक्शन ४०० ओहमचं होईल आणि आकड्यावर विश्वास ठेवता येईल. दुसरा: दिशात्मक टनेलिंग, म्हणजे नील सदिश ९० अंश वळला की बदलणारा रोध. तो १८० अंशांत परत तिथेच येतो. खऱ्या टीएमआरमध्ये एका थराचा सदिश १८० अंश उलटल्यावर रोध वेगळा राहायला हवा. ९० अंशांचा फरक दाखवून थांबलेला निबंध पुरावा नाही. तिसरा: वर फेरोमॅग्नेट असेल तर त्याचा असाधारण हॉल व्होल्टेज, म्हणजे चुंबकत्वामुळे प्रवाहाच्या आडव्या दिशेला निर्माण होणारा व्होल्टेज. टोकं किंचित चुकली तरी तो मिसळतो आणि चुंबकत्वाबरोबर चिन्ह बदलतो, हुबेहूब आपल्याला हवा तसा. प्रवाहाची आणि व्होल्टेजची टोकं अदलाबदल करून पुन्हा मोजा. मग एकाच चकतीवर चार आकारांची जंक्शन मोजा. टीएमआरचे टक्के क्षेत्रफळाबरोबर बदलता कामा नयेत, बाकीचे बहुतेक दोष बदलतात. मोजताना १० मिलिव्होल्टच्या आसपासच राहा. व्होल्टेज वाढवलं की इलेक्ट्रॉन अवरोध ओलांडताना मॅग्नॉन (स्पिनची लहर) सोडतो, आडवा संवेग गमावतो आणि टीएमआर घसरतो.

यात भर म्हणून एक नियंत्रण-नमुना करावा, तो आपल्या प्रबंधांमध्ये फारसा दिसत नाही. तोच पदार्थ, तोच अवरोध, तीच जाडी, पण आरशाच्या नियमात नापास होणारं मुख. रुटाइल असेल तर (१००), क्रोमियम अँटिमोनाइड असेल तर सी-अक्षाचं. त्यावर सिग्नल कोसळला तर पहिल्या नमुन्यातल्या सिग्नलचा संबंध पट्ट्यांच्या नकाशाशी आहे असं म्हणायला आधार मिळतो. दोन्ही मुखांवर सारखाच सिग्नल आला तर तो सीमेवरच्या ऑक्साइडचा, पृष्ठभागाच्या पायऱ्यांचा किंवा जोडणीचा आहे असं धरून शोध पुन्हा तिथून सुरू करायचा.